काजमावशींचं बटण

सकाळी केमोच्या हॉलचं दार उघडलं की सिस्टरला सगळ्यात आधी वास भेटायचा. स्पिरिटचा, फरशीच्या औषधाचा, आणि त्या दोन्हींच्या खाली दबून राहिलेला कालच्या माणसांचा. खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण त्या वासात सगळी मंडळी आधीच येऊन बसल्यासारखी वाटायची. ती खिडक्या उघडायची, सलाइनचे स्टँड भिंतीला लावायची आणि औषधांच्या कपाटाच्या काचेत बघून केस चापून बसवायची. आज त्या काचेत तिला आपल्या पांढऱ्या कोटाचं दुसरं बटण दिसलं. एका दोऱ्यावर लोंबत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. रोज घरी जाताना ती मनाशी म्हणायची की आज लावूच, आणि पाठ टेकली की ठरवलेलं सगळं अंथरुणात जिरून जायचं.

दोघी जणी रजेवर होत्या. उरल्या दोघींनी चौघींचं काम ओढायचं. जोडीची सिस्टर वयानं मोठी, जिभेनं तिखट. ती म्हणायची की बाई, यांना औषधं लावून झाली की एकेक बाटली आपणही लावून घेऊ या, ताकदीची. पहिल्यांदा सिस्टर हसली होती. आता तो विनोदही दोघींसारखाच दमून गेला होता.

काम काही जड उचलायचं नव्हतं. पण एकेका माणसाशी सगळं पहिल्यापासून करायचं. रक्ताचे आकडे बघायचे, ताप बघायचा, वजन करायचं, कारण वजन घसरलं की औषधाचं माप बदलतं. मग प्रश्न. उलट्या झाल्या का, तोंड आलंय का, जुलाब, ताप, हातापायांना मुंग्या. हे प्रश्न ती इतक्या वर्षांत इतक्या जणांना विचारून बसली होती की जपमाळेचे मणी ओढावेत तसे ते आपोआप सरकत. आणि जपाचंही तसंच होतं ना, माळ फिरत राहते आणि मन चुलीवरच्या दुधापाशी जाऊन बसतं.

आदल्या दिवशी घरी लेकीनं हेच बोलून दाखवलं होतं. जेवताना सिस्टरनं विचारलं, जेवलीस का, पोट बरं आहे का, झोप लागते का. लेक म्हणाली, आई, तू मला पेशंटसारखं विचारतेस, आता नाडी बघ आणि मला घरी सोड. सासूबाई तोंडात घास असताना हसल्या. नवराही हसला. सिस्टरही हसली असती, पण लेकीनं आधीच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं तेच तिला आठवेना.

तिचा स्वतःचा एक नेम होता, कुणाला न सांगितलेला. औषधाची पिशवी स्टँडला लावण्याआधी ती तिच्यावर तळहात ठेवायची आणि क्षणभर डोळे मिटायची. बाबा रे, जिथं जायचं तिथंच जा, बाकीच्याला धक्का लावू नकोस, एवढंच. नोकरी लागल्यापासून एक दिवस तो चुकला नव्हता. अलीकडे मात्र हात ठेवून उचललेला असायचा आणि म्हटलं की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आज काजमावशींची पाळी होती.

हे नाव हॉलनंच पाडलेलं. मावशी एका शिलाईच्या दुकानात काजबटणाचं काम करायच्या. शर्टांची काजं मशीनवर होऊ लागली त्याला जमाना लोटला, पण भारी कोट शिवून घेणारे लोक अजून हातकाज मागतात, आणि त्या गावात हातकाज म्हणजे मावशीच. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आपल्या आजाराचं काही विचारण्याआधी त्यांनी सिस्टरच्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ही काजं मशीनची आहेत, धुण्यात सुटतील. सुटलीच. पुढच्या खेपेला मावशींनी औषध चालू असतानाच ती नीट करून दिली. नळी छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीला, पोर्टला, जोडलेली असायची म्हणून हात मोकळे राहत, आणि मावशींच्या पिशवीत सुयांची डबी कायम. हॉलमधल्या पडद्यांच्या कडा, जोडीच्या सिस्टरच्या पर्सचा पट्टा, सिस्टरच्या लेकीच्या शाळेच्या स्कर्टची दुमड, असं सगळं त्या खुर्चीत शिवून झालं. कुणाचं काही उसवलेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

मोठ्या आतड्याचं दुखणं. ऑपरेशन झालं होतं, आता मागे राहिलेलं धुऊन काढायला बारा डोस. त्यातलं मुख्य औषध म्हणजे ऑक्सॅलिप्लॅटिन, आणि ते औषध भारी नखरेल. त्याला मिठाचं सलाइन चालत नाही, साखरेचं पाणीच लागतं. त्यात थंडीचं वावडं. पहिल्या दिवशी सिस्टरनं मावशींना समजावलं होतं की या दिवसांत गार पाणी प्यायचं नाही, घशात काचा गेल्यासारखं होईल, लोखंडी कडीला उघडा हात लावायचा नाही, फ्रीज उघडायचा तर हातमोजे घालून. मावशी सुनेकडे वळून म्हणाल्या, गोडच खातं, गार सोसत नाही, हे तर घरजावयासारखंच झालं.

आणि सिस्टरनं त्या दिवशी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या ती सगळ्यांनाच सांगायची. एक म्हणजे, बोटांतल्या मुंग्या हळूहळू वाढत जातात, वाढल्या की मला सांगायचं, म्हणून दर खेपेला मी तुम्हाला एक बटण लावून दाखवायला सांगणार. मावशी पदराआड हसल्या होत्या. म्हणाल्या, "माशाची पोहण्याची परीक्षा घेताय होय?" मग डोळे मिटून, एका हातानं, त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावून दाखवली. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी टाळी वाजवली.

दुसरी गोष्ट अशी की, बारा म्हणजे बारा. तिसऱ्या-चौथ्या डोसाला उलट्यांनी जीव नकोसा होतो, लोक घरी बसतात, आणि मग उशीर होतो. म्हणून सिस्टर म्हणायची की नेम धरल्यासारखे घ्या, मध्ये मोडायचा नाही.

आता आठ झाले होते. आज नववा.

मावशी आल्या त्या सुनेच्या खांद्याला धरून. लोकरीचे मोजे हातात, तेच पायात. अंगात त्यांनी या औषधासाठीच शिवलेला पुढून उघडणारा सैल सदरा, वर शाल. पाऊल टाकताना जरा जपून टाकत होत्या, पण नवव्या डोसाला कोण जपून टाकत नाही. डॉक्टर मॅडमनी सकाळीच रक्ताचा रिपोर्ट बघून होकार दिला होता. सिस्टरनं माळ ओढली. उलट्या एक दिवस, तोंड बरं, जुलाब नाहीत. मुंग्या? असतात थोड्या, गार लागलं की, जातात आपोआप, असं मावशी म्हणाल्या आणि सून खिडकीकडे बघायला लागली.

"बटण?"

मावशी भिंतीकडे किंचित वळल्या, वरचं बटण उघडलं आणि अंगठ्यानं दाबून लावलं. झालं. सिस्टरनं कागदावर ठीक लिहिलं आणि पुढे गेली. पूर्वी मावशी बटण लावताना जादूगारासारखा हात फिरवून दाखवायच्या, आता नुसतं दाबून मोकळ्या झाल्या, हे तिला दिसलं होतं. डोळ्यांना दिसलं आणि डोळ्यांपाशीच राहिलं.

आणखी एक गोष्ट तशीच राहून गेली. प्रश्न विचारताना सिस्टर त्यांच्यासमोर वाकली होती, आणि ते लोंबतं बटण मावशींच्या नाकासमोर झोके घेत होतं. मावशींनी त्याच्याकडे बघितलं, आणि नजर काढून घेतली.

औषध बनवणाऱ्या खोलीतून पिशवी आली. जोडीच्या सिस्टरनं नाव वाचलं, हिनं माप वाचलं, दोघींनी सह्या केल्या. तळहात ठेवून झाला. पोर्टला सुई लावायची म्हणजे सदऱ्याची वरची दोन बटणं उघडावी लागत. त्यासाठी सिस्टरची एक पद्धत होती. पडदा ओढायचा, पाठ करून उभं राहायचं आणि बाईमाणसाला तिची तिला उघडू द्यायची. आजारात माणसाचं सगळं दुसऱ्याच्या हाती जातं, निदान एवढी लाज तिच्या हाती राहावी. आज पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाला उलटी येत होती, कोपऱ्यातलं मशीन केव्हाचं वाजत होतं, आणि जोडीची सिस्टर तिकडे धावली होती. हिनं पाठ केली, थोडं थांबली, वळून बघितलं तर मावशी तशाच बसलेल्या.

"सूनबाई येऊ दे," मावशी म्हणाल्या. सून कोमट पाणी आणायला गेली होती.

सिस्टर चेष्टेनं म्हणाली, "अहो मावशी, तुमचं काज कधीपासून सूनबाईवाचून अडायला लागलं?" आणि घाईत तिनंच हात घातला. बटण काजातून सरकेना. तिनं जरा ओढलं.

टिच.

बटण काजातच राहिलं आणि पट्टी उघडली. सिस्टरनं ती उलटून बघितली. काज शिवून बंद केलेलं होतं, त्यावर बटण नुसतं शोभेला पक्कं केलेलं, आणि आतून चकचकीत टिचबटण. लहान मुलींच्या झबल्यांना लावतात तसलं, दाबलं की बसणारं. खालच्यालाही तेच. त्याच्याही खालच्याला तेच. आणि टाके मोठे, वेडेवाकडे. लेकीच्या स्कर्टची दुमड सिस्टरनं कितीदा इस्त्री केली होती, तिथले टाके मुंगीच्या पावलांसारखे होते. हे टाके त्या हातचे नव्हते.

पदर सावरावा तशी मावशींनी शाल ओढून घेतली.

सिस्टरनं मोजा काढून त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. डोळे मिटा म्हणाली. मावशींनी मिटले. सिस्टरनं त्यांच्या अंगठा आणि बोटामध्ये सुईचं छोटं प्लॅस्टिकचं टोपण ठेवलं आणि बोटांची टोकं हलकेच जुळवून धरली.

"काय आहे सांगा."

मावशी वाट बघत राहिल्या. पलीकडे मशीन वाजायचं थांबलं.

"ठेवा ना," त्या म्हणाल्या. "अजून काही ठेवलंच नाहीत तुम्ही."

त्यांनी डोळे उघडले, आपल्या बोटांतलं टोपण बघितलं, आणि खूप वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. सून पाण्याचा थर्मास घेऊन पडद्यात शिरली. उघडी पट्टी बघितली आणि थर्मास पोटाशी धरून खालीच बसली.

मग तिनंच सगळं सांगितलं, पुटपुटत, सासूकडे न बघता. तीन खेपा झाल्या हे चालू होतं. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग सुई हातात आहे की खाली पडली ते कळेना. एकदा इस्त्रीला हात टेकला तो वास आल्यावर समजला. दुकानात आजारपणाची रजा आहेच, त्यामुळे तिथं कुणाला संशय नाही. टिचबटणांची युक्ती आईंची. म्हणाल्या, मी सांगते तसं लाव, काज बंद कर, वरून बटण शिव. शिवताना मी रडत होते आणि आई माझे टाके बघून म्हणत होत्या की ही काय गोणपाट शिवतेस का.

"खरंच गोणपाटच शिवलंय," मावशी म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

सिस्टर स्टुलावर बसली. बसल्यावर तिला कळलं की सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं हळूच विचारलं की मला का नाही सांगितलंत.

"तुम्हीच म्हणालात ना, बारा म्हणजे बारा. नेम धरल्यासारखे. सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. आमच्या ह्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. बरं वाटायला लागलं म्हणून. पुढचं सगळं मी बघितलंय, सिस्टर. मला अर्ध्यावर नाही सोडायचं. हात गेले तर गेले."

"मी दर खेपेला विचारत होते."

"विचारत कुठं होतात? परीक्षा घेत होतात. परीक्षा म्हटली की माणूस पास व्हायलाच बघतो."

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. ज्या सुरात मशीनची काजं सुटतील म्हणाल्या होत्या, त्याच सुरात म्हटलं.

पिशवी ट्रेमध्ये तयार पडली होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "एवढं एक जाऊ द्या. आलीच आहे ना ती. माझ्याच नावाची आहे. पुढच्या वेळेपासून सांगू मॅडमना."

आणि खरं सांगायचं तर, सिस्टरच्या मनात आलं की जाऊ द्यावं. मॅडमकडे जायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून आलं. त्या रागावतील, कागद बदलतील, खोलीवाले कुरकुरतील, इथं अजून अर्धा हॉल बाकी आहे. सुई लावायची, नळी जोडायची, पुढे सरकायचं. कुणाला कळणार होतं? एका पिशवीनं असं काय बिघडणार होतं? तिचे पाय इतके दुखत होते की त्यांनीच होकार दिला असता. तिनं पिशवी उचललीही. तळहात तिच्याखाली आला, आणि तिला आठवलं की मघाशी हात ठेवला होता पण म्हटलं काहीच नव्हतं. बाकीच्याला धक्का लावू नकोस, हेच तर म्हणायचं असतं. आणि ते बाकीचं तिच्यासमोर मोजे काढून बसलं होतं.

तिनं पिशवी ट्रेच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवली.

"नाही मावशी. हे आज नाही लावायचं."

मावशींचा चेहरा असा मिटला की सून घाबरून उठली. सिस्टरनं त्यांचा हात सोडला नाही. तिला नीट बोलायचं होतं, पण दमलेल्या माणसाचं बोलणं जसं येतं तसं आलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चूक माझी. बारा घ्यायचे ते तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून. त्यातलं हे एक औषध हात खात असलं तर ते थांबवून दुसरं चालू ठेवता येतं. त्याला अर्ध्यावर सोडणं नाही म्हणत. मॅडम ठरवतील काय ते. पण त्यांना खरं कळल्याशिवाय त्या तरी काय ठरवणार?"

मॅडम आल्या. त्यांनी कागद बघितला आणि सिस्टरकडे बघितलं. म्हणाल्या की इथं तर ठीक लिहिलंय, तासाभरापूर्वीचं. सिस्टर म्हणाली, हो मॅडम, मी नीट बघितलं नाही. मॅडम काही बोलणार होत्या, पण त्याही सकाळपासून उभ्याच असाव्यात. त्यांनी फक्त मान हलवली आणि खिशातून धातूचा चिमटा काढला, जो वाजवला की बराच वेळ थरथरतो. तो वाजवून त्यांनी मावशींच्या पायाच्या अंगठ्याला लावला, मग घोट्याला, मग गुडघ्याला. थरथर कळते का विचारलं. मावशींना ती गुडघ्यापाशी कळली.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि सावकाश सांगितलं. हे औषध बंद. त्याच्या जोडीचं दुसरं चालू राहील, कमरेला बांधून घरी नेतात तो औषधाचा पंपही तसाच, आणि खेपा बाराच होतील. या दुखण्यात हे नेहमी करावं लागतं, यानं तुमचे उपचार काही मागे पडले असं धरू नका. बधिरपणा मात्र लगेच जाणार नाही. उलट आणखी काही आठवडे वाढेलही, मग हळूहळू उतरेल. कुणाचा महिन्यांत उतरतो, कुणाचा वर्षानं, कुणाचा थोडा राहतो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग इतके दिवस जो प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता तो विचारला.

"सुई धरता येईल का?"

"खात्रीनं नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "आज थांबलो म्हणून आशा जास्त आहे. एवढं सांगते."

हात गेले तर गेले म्हणणाऱ्या मावशी त्यावर भिंतीकडे वळल्या आणि संध्याकाळपर्यंत वळलेल्याच राहिल्या. सिस्टरनं दुसरं औषध लावलं, पंप जोडून दिला, कमरेची पिशवी बांधली. तयार झालेलं औषध परत जात नाही. सिस्टरनं जाड हातमोजे घालून ती पहिली पिशवी अशा औषधांच्या कचऱ्याच्या बंद डब्यात टाकली आणि झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभी राहिली. जोडीची सिस्टर जवळून जाताना म्हणाली, आज कुणाशी भांडलीस का? ती म्हणाली, नाही, कुणीतरी माझ्याशी खरं बोललं.

घरी सासूबाईंनी दारातच बटण हेरलं. म्हणाल्या, दिवसभर लोकांना सुया टोचतेस, स्वतःच्या कोटाला एक टोचवत नाही का, आण इकडे. सिस्टर म्हणाली उद्या देते. मग ती लेकीच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. काहीच विचारलं नाही, कारण विचारायचं त्राणच नव्हतं. लेक बराच वेळ वहीत डोकं घालून होती. मग आपणहून सांगायला लागली की बाकावरच्या मैत्रिणीनं जागा बदलून घेतली, आता ही एकटीच बसते, आठवडा झाला. सिस्टर ऐकत राहिली. आठवडाभर ही जेवत होती आणि पोट बरं आहे म्हणत होती.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या. येतील की नाही, याचा सिस्टरला घोर लागला होता, देव पाण्यात घालून बसावं तशी ती सकाळपासून दाराकडे बघत होती. सदरा तोच. पण वरची पट्टी उघडी, मधोमध एक मोठी सेफ्टी पिन. टिचबटणं उसवून टाकली होती आणि जुनी काजं पुन्हा मोकळी केली होती. मावशींनी नमस्कार केला नाही. खुर्चीत बसल्या.

सिस्टरनं स्टूल ओढलं. पेन खिशात घातलं, कागद पालथा केला. हॉल भरलेला होता आणि कोपऱ्यातलं मशीन नेहमीप्रमाणे वाजत होतं. ते दुसरीनं बघितलं तरी चालण्यासारखं होतं.

"काय काय सुटतंय हातातून?" तिनं विचारलं.

मावशींनी तिच्याकडे बघितलं.

"बटण लागत नाही," त्या म्हणाल्या. आणि एकदा बांध फुटल्यावर सगळंच आलं. कप सुटतो. चप्पल पायातून निघून जाते, मागून कुणी हाक मारली की कळतं. जिन्यावरून उतरताना पायरी आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. नातीच्या गालाला हात लावला तर गाल आहे की उशी, तेसुद्धा कळत नाही. मॅडम म्हणाल्या तसं वाढलंच आहे. सून मध्ये मध्ये भर घालत होती, आणि मावशी तिला अडवत नव्हत्या. सिस्टरनं सगळं ऐकलं, मग कागद सरळ करून लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. घरात पायरीला कठडा आहे का, आंघोळीचं पाणी सून आधी कोपरानं बघते का, रात्री पायांत मोजे असतात का, हेही विचारलं, आणि प्रत्येक उत्तराची वाट बघितली.

मग तिनं पडदा ओढला आणि या वेळी पाठ केली नाही. पिन काढली, पोर्टला सुई लावली, औषधाच्या पिशवीवर हात ठेवला आणि जे म्हणायचं ते शब्द न् शब्द म्हणून मगच ती स्टँडला लावली. शेवटी सदऱ्याची खालची बटणं एकेक करून लावायला घेतली. मावशींच्या हातची काजं. दोऱ्याचा वेढा इतका एकसारखा की काठ कोरल्यासारखा दिसे. बटण आत जाईना, तिची धडधाकट बोटं त्यावर झटापट करत राहिली.

"घट्ट आहेत हो," ती म्हणाली.

"चांगलं काज घट्टच असतं. तिरकं घाला. असं नाही. आधी कड." मावशी डोळ्यांनी शिकवत होत्या, हात मांडीवरच होते.

त्या झटापटीत सिस्टरच्या कोटाचं बटण, जे इतके दिवस एका दोऱ्यावर जीव धरून होतं, ते सुटलं आणि मावशींच्या मांडीवर पडलं. सासूबाईंना उद्या देते, उद्या देते म्हणून ते तसंच राहिलं होतं. सून उचलायला वाकली. मावशींनी तिला कोपरानं मागे सारलं.

त्यांनी आपली दोन बोटं नजरेनं धरून बटणापाशी नेली. पहिल्यांदा ते निसटलं. दुसऱ्यांदा निसटून मांडीच्या घडीत गेलं. सिस्टरचा हात आपोआप पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. तिसऱ्या वेळी मावशींनी बोटांचा नाद सोडला, तळहाताची कड लावून बटण डाव्या तळहातात ढकललं, आणि मूठ मिटली.

"डबी काढ," त्या सुनेला म्हणाल्या. सुनेनं पिशवीतून सुयांची डबी काढून उघडली. मावशींनी मूठ तिच्यावर उलटी केली. बटण आत पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं त्यांनी मूठ उघडली.

"हे माझ्याकडे राहील. दुसऱ्या कुणाकडून लावून घेऊ नका."

"आणि वर्ष लागलं तर?"

"मग वर्षभर पिन लावा. मॅडम बोलल्या तर माझं नाव सांगा."

सुनेनं आपल्या सासूच्या पट्टीतून निघालेली ती मोठी सेफ्टी पिन पुढे केली. सिस्टरनं ती कोटाला लावली आणि पडदा सरकवून पुढच्या खुर्चीकडे गेली.